फुलं ढीगभर, सेटिंग (फळधारणा) नाही: वेलभाज्या, सीताफळ आणि मका

शेतकरी बंधू-भगिनींनो,

या पंधरवड्यात आलेले बरेच प्रश्न पिकं वेगळी असली तरी एकाच दुखण्याचे आहेत, म्हणून एकत्र उत्तर देतो. मंडपावरच्या दुधी-दोडक्याला फुलं ढीगभर, पण बोटभर झालेलं फळ पिवळं पडून गळतं. शेडनेटमधल्या काकडीला फळच नाही. सीताफळाची मे महिन्यातली सगळी फुलं झडून गेली. उन्हाळी मक्याची कणसं अर्धी बोडकी निघाली. एका ताईंनी गेल्या वर्षी डोंगरातून कंद आणून लावलेलं करटोलं नुसतंच फुललं. आणि एका भाऊंना वाटतं, शेजारच्या कारल्यामुळे त्यांची काकडी कडू झाली. बहुतेकांनी प्रश्नासोबत टॉनिकच्या बाटलीचा फोटो जोडलाय आणि खाली लिहिलंय, ‘साहेब, हे मारू का?’

बाटली बाजूला ठेवा. आधी फूल उघडून बघू.

झाड फळ धरतं ते बियांसाठी. नर भागातला परागकण मादी भागाच्या टोकावर, म्हणजे कुक्षीवर पडावा लागतो. तिथे तो रुजतो, त्याची बारीक नळी खाली अंडाशयात उतरते, बीजांडाशी संयोग होतो आणि बी धरायला लागतं. या कोवळ्या बियांमधून ऑक्झिनसारखी संप्रेरकं सुटतात आणि त्यांच्या जोरावर अंडाशय फुगून फळ होतं. बी धरलं नाही तर झाड त्या फळाची रसद तोडतं आणि देठाशी सांधा सुटून फळ गळतं. परागकणच पोचला नसेल तर बाटलीतलं काहीही त्याची जागा घेत नाही. परागनळी वाढायला बोरॉन लागतं हे खरं, पण तुमच्या जमिनीत ते कमी आहे की नाही हे माती परीक्षणाचा कागद सांगेल. दुकानदार सांगणार नाही.

झाडांतही नर-मादी असतं हे प्रयोग करून दाखवलं जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या रुडॉल्फ कॅमेरारियस यांनी, १६९४ साली. त्यांनी एरंडाची नर फुलं उमलायच्या आत खुडली आणि मक्याच्या कणसाचे केस कापले, तर धड बी धरलं नाही. आपल्या बांधावर एरंड असतोच. त्याच्या तुऱ्यात मादी फुलं वर आणि नर खाली असतात. घरातल्या शाळकरी पोरांना हा प्रयोग करायला सांगा, खर्च शून्य.

आता दुधी-दोडका. या वेलींवर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. दुधीचं नर फूल लांब, बारीक देठावर नुसतंच उभं असतं. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली लव असलेली इवलीशी दुधी आधीच तयार दिसते. दोडक्यात एकाच पानाच्या बगलेत बऱ्याचदा दोन्ही सापडतात: नर फुलांचा तुरा आणि शेजारी एकटं मादी फूल. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस वेलीवर जवळजवळ सगळी नर फुलंच येतात, ती गळणारच. तो रोग नाही, त्यावर फवारू नका. पुढेही नर फुलं मादीपेक्षा कितीतरी जास्तच राहतात. नत्र जास्त झालं, म्हणजे वेल हिरवागार दिसावा म्हणून युरियाचा हात सैल सुटला, की हे प्रमाण आणखी बिघडतं. उष्णतेनेही तेच होतं.

टॉनिकबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. काही बाटल्यांत जिबरेलिक ॲसिड असतं. काकडीवर त्याचा परिणाम उलटा होतो, नर फुलं वाढतात. बियाणं तयार करणारे लोक फक्त मादी फुलं देणाऱ्या काकडीवर मुद्दाम हेच मारतात, कारण त्यांना पराग हवा असतो. तुम्हाला हवी असते काकडी. मादी फुलं वाढवणारं संप्रेरक इथिलीन आहे. त्यासाठी इथ्रेलची, म्हणजे झाडात इथिलीन सोडणाऱ्या औषधाची फवारणी करतात, पण ती रोप दोन आणि चार पानांवर असताना, आणि विद्यापीठाच्या शिफारशीतली मात्रा बघूनच. वेल मंडपावर चढल्यावर इथ्रेल मारून काही हाती लागत नाही.

थ्री जी कटिंगबद्दलही, म्हणजे मुख्य वेलीचा आणि मग आडफांद्यांचा शेंडा खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या काढण्याबद्दलही, विचारणा आहे. यूट्यूबवर दाखवतात तितकी ती जादू नाही, पण दुधीला मादी फुलं आडफांद्यांवर जास्त येतात, म्हणून मुख्य वेल मंडपाला टेकल्यावर शेंडा खुडणं फायद्याचं. ज्या संकरित काकडीला मुख्य खोडावरच प्रत्येक पेऱ्याला मादी फूल येतं, तिचा शेंडा खुडलात तर स्वतःचंच नुकसान कराल.

मग बोटभर फळ पिवळं का पडतं? दोन कारणं सगळ्यात जास्त दिसतात आणि दोन्ही ब्लेडने ओळखता येतात. गळालेलं फळ उभं चिरा. आत अळ्या असतील, सालीवर बारीक टोचल्याची खूण आणि डिंकाचा थेंब असेल, तर ती फळमाशी. तिच्यासाठी क्यू ल्युअरचे, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे सापळे लावा. आंब्याचा मिथाईल युजेनॉलचा सापळा इथे चालत नाही, ती माशी वेगळी. आत अळी नसेल, फळ टोकाकडून सुकत आलं असेल आणि बियांच्या जागी नुसते पांढरे ठिपके असतील, तर त्या फुलाला पराग मिळाला नाही. काकडी एका टोकाला बारीक आणि वाकडी होते तेव्हा बऱ्याचदा हेच अर्धवट घडलेलं असतं: बी एका बाजूला धरलं, तेवढाच भाग फुगला.

पराग का मिळाला नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा तुमच्या फवारणीच्या वेळेत असतं. आम्हीच सांगत आलोय की मधमाश्या वाचवायच्या तर फवारणी संध्याकाळी करा. काकडी, कारलं, भोपळा, कलिंगड यांना ते बरोबर आहे, कारण त्यांची फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. दुधी आणि दोडक्याचं उलटं आहे. त्यांची फुलं दिवस कलल्यावर उमलतात. दुधीच्या पांढऱ्या फुलावर अंधारात पतंग येतात आणि सकाळी लवकर मधमाश्या. या पिकांवर संध्याकाळी सहाला पंप पाठीवर घेतलात, तर नेमका उमललेल्या फुलांवर आणि त्यांच्या पाहुण्यांवर मारा होतो. दुधी-दोडक्यावर फवारायचंच असेल तर सकाळी आदल्या रात्रीची फुलं कोमेजल्यावर आणि ऊन तापायच्या आत फवारा. शेजारी काकडी-कारलं असेल तर तिकडे फवारा उडू देऊ नका, त्यांची फुलं तेव्हा उघडी असतात.

मंडप लहान असेल तर हाताने परागीकरण करायला लाजू नका. संध्याकाळी ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे मुडपा आणि मधला पिवळा भाग मादी फुलातल्या तीन पाळ्यांच्या कुक्षीवर हलकेच फिरवा. तिन्ही पाळ्यांना पराग लागला पाहिजे. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. मादी फुलाला ही संधी जवळपास एकच रात्र असते, ‘उद्या बघू’ इथे चालत नाही. क्षेत्र मोठं असेल तर फुलोऱ्यात एकरी दोन मधमाश्यांच्या पेट्या ठेवा. पेट्या हाताळायला शिकायचं असेल तर पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करा.

शेडनेटवाल्या भाऊंचं उत्तर दोन ओळींचं आहे. तुम्ही पांढरी माशी अडवायला बारीक जाळी लावलीत, तिने मधमाशीही अडवली. शेडनेट-पॉलिहाऊसमध्ये परागाशिवाय फळ धरणारी, बिनबियांची काकडी लावतात. तुम्ही मोकळ्या रानातलं वाण आत नेलंत. या हंगामात सकाळी हाताने पराग लावा, पुढच्या वेळी बियाण्याच्या पाकिटावर ‘पार्थेनोकार्पिक’ लिहिलेलं बघून घ्या.

सीताफळाचं दुखणं निराळं आहे, आणि मला स्वतःला हे फूल फार आवडतं, त्यामुळे थोडं सविस्तर. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या झाडाचं फूल नीट बघितलेली माणसं बागायतदारांतही थोडीच. ते खाली तोंड करून लोंबतं, हिरवट पिवळं, तीन जाडसर पाकळ्यांचं. पाकळी सोलून काढली की मध्ये लहानसा पांढरा शंकू दिसतो, तो मादी भाग, आणि त्याच्या बुडाशी गोल दाटीवाटीने पुंकेसर, म्हणजे नर भाग. म्हणजे नर-मादी एकाच फुलात आहेत, तरी जमत नाही, कारण दोघांच्या वेळा जुळत नाहीत. पाकळ्या जराशा विलगतात तेव्हा शंकू चिकट, चमकदार असतो आणि पराग घ्यायला तयार असतो, पण पुंकेसर बंद. पुंकेसर फुटून पराग मोकळा होतो तोवर त्याच फुलाचा शंकू सुकलेला. एका फुलाचा पराग वेळेत दुसऱ्या फुलाकडे जायला हवा. ते काम लहान भुंगेरे करतात, पाकळ्यांच्या फटीतून आत शिरतात. मधमाशीला त्या फटीतून जाता येत नाही.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत शंकूवरचा ओलावा लगेच वाळतो आणि भुंगेरेही कमी असतात, म्हणून ती फुलं झडतात. पाऊस सुरू होऊन हवेत दमटपणा आला की जून-जुलैत त्याच झाडावर फळं धरायला लागतात. तेव्हा मेमधल्या गळीवर पैसे घालू नका. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, बागेत ओल टिकवा आणि फुलोऱ्यात कीटकनाशक जपून वापरा, नाहीतर ज्याने काम करायचं तोच भुंगेरा मरेल. पाण्याची सोय आहे आणि लवकरचा बहार हवाच आहे, त्यांनी हाताने पराग लावावा. संध्याकाळी पूर्ण उमलत आलेली फुलं काढून कागदावर पसरून ठेवा. सकाळी पराग सुटलेला दिसेल. तो मऊ ब्रशवर घेऊन अर्धवट विलगलेल्या फुलात शंकूवर सगळ्या बाजूंनी फिरवा. सगळ्या बाजूंनी म्हणतो याला कारण आहे. सीताफळाचा प्रत्येक डोळा म्हणजे शंकूवरची एकेक वेगळी कुक्षी. ज्या डोळ्यात बी धरलं नाही तो फुगत नाही आणि फळ त्या बाजूला बसकं राहतं. व्यापारी ज्या वाकड्या फळाला भाव देत नाही, ते असं घडलेलं असतं.

मक्यातही हाच हिशेब, फक्त इथे काम वारा करतो. कणसाचा प्रत्येक केस एका दाण्याला जोडलेला असतो, जितक्या केसांना पराग मिळाला तितके दाणे. बुडाचे केस आधी बाहेर येतात, शेंड्याचे शेवटी. पाणी कमी पडलं की केस यायला उशीर होतो, तोवर झाडाच्या शेंड्यावरचा नर फुलांचा तुरा झडून गेलेला असतो, म्हणून कणसाचं टोक बोडकं राहतं. चाळिशीच्या आसपासच्या उन्हात परागही लवकर मरतो, मग दाणे विरळ, मध्ये मध्ये गाळे सुटलेले. तुरा आणि केस येण्याच्या काळात पाण्याची एकही पाळी चुकवू नका, आणि बांधाच्या कडेने एकच ओळ लावण्यापेक्षा चौकोनी तुकड्यात चार-पाच ओळी लावा. सेटिंग झालं का हे काढणीची वाट न बघताही कळतं. केस आल्यावर आठवडाभराने एक कणीस तोडा, साल अलगद सोला आणि कणीस हळू झटका. ज्या दाण्यांना पराग मिळाला त्यांचे केस गळून पडतात, जे चिकटून राहतात ते दाणे रिकामे.

ताईंच्या करटोल्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. तुम्ही आणलेले कंद सगळे एकाच लिंगाचे निघाले असणार. आता पाऊस लागला की वेल उगवतील. फुलाखाली काटेरी लहान गोळी दिसली तर तो मादी. तशा दहा वेलांमागे एक नर वेल राखा, बाकीचे नर काढा. सगळेच नर निघाले तर ओळखीच्या मादी वेलाचे कंद मिळवा. बियांपासून लावलेल्या रोपात नर-मादी फुलं येईपर्यंत ओळखू येत नाही.

राहिली कडू काकडी. कारल्यावर आळ घेऊ नका, भाऊ. कारलं आणि काकडी यांचा संकर होतच नाही. आणि झाला असता तरी याच फळाची चव बदलली नसती, कारण काकडीचा गर सगळा आईचा असतो, बापाचा वाटा फक्त बियांत जातो. मक्यात मात्र आपण बीच खातो, म्हणून स्वीट कॉर्नला शेजारच्या साध्या मक्याचा पराग लागला की त्याच कणसातला गोडवा कमी होतो. काकडीतला कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्याचा. कडक ऊन आणि पाण्याची ओढाताण, म्हणजे चार दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर, यात तो वाढतो आणि देठाकडे व सालीखाली जास्त साठतो. ड्रिपने रोज थोडं थोडं पाणी द्या, नवीन तोड्यात फरक दिसेल. दुधी कडू लागली तर मात्र चाखलेली फोड थुंकून टाका, भाजी करू नका आणि रस तर अजिबात पिऊ नका, त्याने माणूस गंभीर आजारी पडतो.

घरचं बी धरणाऱ्यांना इथे जपावं लागेल. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी सारखं निघत नाही, ते सोडून द्या. गावरान दुधीचं बी धरायचं असेल आणि आसपास कडू रानदुधी असेल, तर या दोघींचा संकर होतो आणि तो पुढच्या वर्षीच्या फळात कळतो. म्हणून दुपारी, उमलायच्या आत, त्याच वाणाच्या एका मादी आणि एका नर कळीला कागदी पिशवी बांधा. संध्याकाळी फुलं उमलल्यावर पिशवी काढून हाताने पराग लावा, मादी फूल पुन्हा झाका आणि फळ धरल्यावर देठाला रंगीत सुतळी बांधून तेवढंच बियाला ठेवा.