पिवळी पडलेली डिस्क आणि साडूंची पॉलिसी

सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर राहणारे आणि घरच्या संगणकावरूनच लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय सांभाळणारे एक वाचक लिहितात: वय 42, पत्नी घरी शिकवण्या घेऊन महिन्याला आठ हजार मिळवते, मुले तेरा आणि नऊ वर्षांची. व्यवसायाचा खर्च वजा जाता महिन्याला सरासरी साठ हजार हाती राहतात. त्यातून गृहकर्जाचा 19,000 चा हप्ता जातो आणि अजून 18 लाख फिटायचे आहेत. अडीच लाखांची मुदत ठेव आणि महिना 5,000 ची एसआयपी आहे. कामाचे फोटो आणि व्हिडिओ चार एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर मिळून सुमारे 7 टेराबाइट (टीबी) आहेत. त्यांपैकी 2017 साली घेतलेली डिस्क, डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये पिवळी, म्हणजे इशाऱ्याच्या रंगात, दिसू लागली आहे, तर दुसरी एक डिस्क त्या यादीत येतच नाही. दुकानदाराने 64,000 चे कोटेशन दिले आहे: दोन डिस्क बसणारी पेटी डिस्कसह 46,000, तीन वर्षांची ‘डेटा सुरक्षा योजना’ 12,000 आणि चोवीस तास डिस्कवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर 6,000. मुदत ठेव मोडण्याऐवजी विमा पॉलिसीवर कर्ज काढा, असे ती पॉलिसी विकणाऱ्या साडूंनी सुचवले आहे; 65,000 पर्यंत कर्ज मिळते म्हणे. पॉलिसी 20 वर्षांची, हप्ता वर्षाला 72,000, विमा 12 लाखांचा. तीन हप्ते भरून झाले आहेत आणि चौथा मार्चमध्ये आहे. शेवटी 26 लाख मिळतील, आणि टर्म विम्यात, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्यात, पैसे बुडतात म्हणून तो घेऊ नये, असे साडूंचे मत. प्रश्न एवढाच की सॉफ्टवेअर आणि योजना घ्यावी का, आणि त्यासाठी कर्ज काढावे का.

तिन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. कारणे सांगतो, पण त्याआधी आज रात्री करायचे एक काम आहे.

पिवळ्या डिस्कच्या पडद्याचा जो फोटो आपण पाठवला आहे, त्यात ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’समोर 10 आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’समोर 8 असे दिसते. हा प्रोग्रॅम मूळ आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावर मोजण्याच्या पद्धतीत दाखवतो, त्यामुळे तिथला 10 हा प्रत्यक्षात 16 आहे. याचा अर्थ डिस्कने सोळा खराब जागा बाजूला काढून त्यांच्या बदल्यात राखीव जागा वापरल्या आहेत, आणि आणखी आठ जागा तिला नीट वाचता येत नाहीत. जी डिस्क वाचताना अडखळते, तिच्यावर तासन्‌तास चालणारी सखोल चाचणी लावणे किंवा विंडोजच्या चेकडिस्कने ती ‘दुरुस्त’ करायला जाणे म्हणजे दमेकऱ्याला जिने चढायला लावणे होय. आधी ज्या लग्नांचे अल्बम अजून ग्राहकांच्या हाती पडलेले नाहीत ती, मग घरचे फोटो, मग उरलेले, या क्रमाने दुसरीकडे उतरवून घ्यावे. एखाद्या फाइलपाशी कॉपी अडली तर ती सोडून पुढे जावे आणि तिच्याकडे शेवटी वळावे. त्यानंतर ती डिस्क निवृत्त करावी, अगदी सिनेमे ठेवण्यासाठीसुद्धा वापरू नये.

यादीत न दिसणारी डिस्क बहुधा आजारी नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. पण एक्स्टर्नल डिस्कच्या डबीत यूएसबी आणि डिस्क यांच्यामध्ये एक चिप दुभाष्याचे काम करते, आणि काही दुभाषे ही नोंद पुढे पोहोचवतच नाहीत. स्मार्टमोनटूल्स हा दुसरा मोफत प्रोग्रॅम अशा काही डब्यांशी बोलू शकतो, तो वापरून पाहावा. तोही थकला तर सहा हजारांचे सॉफ्टवेअर त्या चिपकडून काही वेगळे वदवून घेईल, अशी आशा धरू नये. शिवाय चोवीस तास नजर ठेवणार कशावर? आपल्या डिस्क, आपणच लिहिल्याप्रमाणे, काम नसले की कपाटात असतात. कपाटातल्या डिस्कवर कोणतेही सॉफ्टवेअर नजर ठेवू शकत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक डिस्क जोडून ते दोन आकडे वहीत लिहिले, आणि आकडा शून्यावरून हलला की डिस्क बदलायची एवढे ठरवले, तर त्या सहा हजारांचे काम फुकटात होते.

पण या नजर ठेवण्याचे मोल किती, हेही समजून घ्यावे. 2007 साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की पृष्ठभाग तपासताना पहिला दोष सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या 39 पट असते. म्हणजे इशारा मिळाला तर तो गंभीरपणे घ्यावा. मात्र त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार महत्त्वाच्या निकषांपैकी एकावरही आधी काही दाखवलेले नव्हते. निम्म्याहून जास्त डिस्क निळ्या म्हणजे ‘उत्तम’ असतानाच गेल्या. आपल्या उरलेल्या तीनपैकी दोन डिस्क निळ्या आहेत म्हणून आपण निश्चिंत आहात, ते मला पिवळ्या डिस्कपेक्षा जास्त काळजीचे वाटते, कारण त्या तिन्हींवरच्या कामाचीही दुसरी प्रत कुठेही नाही.

तेव्हा पैसा नजरेवर घालण्याऐवजी प्रतीवर घालावा. दुकानदाराची पेटी दोन डिस्कवर एकच माहिती एकाच वेळी लिहिते, त्यामुळे एक डिस्क गेली तर काम थांबत नाही, हे खरे. परंतु आपण चुकून एखादे लग्न पुसले तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसले जाते, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या कोणत्याही पेटीचे काय झाले असते ते मी आपल्याला सांगायला नको. पीटर क्रोघ या आपल्याच व्यवसायातल्या माणसाने रूढ केलेला नियम असा आहे की प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. आपण निदान दोन प्रतींपासून आणि घराबाहेरच्या डिस्कपासून सुरुवात करावी. आपल्या 7 टीबींपैकी 4 टीबी काम दोन वर्षांपूर्वीच ग्राहकांना देऊन झाले आहे, आणि ते जन्मभर सांभाळण्याचे वचन आपण कोणाला दिलेले दिसत नाही. यापुढे बयाणा घेताना ‘काम हाती दिल्यापासून एक वर्षापर्यंत प्रत ठेवली जाईल’ अशी ओळ करारात घालावी, आणि जुन्या ग्राहकांना एकदा कळवून हे ओझे उतरवावे. उरले 3 टीबी. आपण लिहिलेल्या 11,500 या भावाने 4 टीबीच्या दोन डिस्क 23,000 ला येतात; एक घरी, दुसरी मिरजेला बहिणीकडे तिसऱ्या मजल्यावर, आणि दर महिन्याला अदलाबदल. हे 23,000 सरळ मुदत ठेवीतून काढावेत आणि लग्नसराईत परत भरावेत.

‘डेटा सुरक्षा योजने’च्या अटी आपण जोडल्या आहेत, त्यांत ‘एका डिस्कसाठी एकदा माहिती परत मिळवण्याचा प्रयत्न केला जाईल, यशाची हमी नाही’ असे वाक्य आहे. प्रयत्नाचे बारा हजार! यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

आता कर्ज. पॉलिसीवरच्या कर्जाला नऊ-दहा टक्के व्याज पडते, ठेवीवर साडेसहाच्या आसपास मिळते, म्हणजे ठेव न मोडण्याच्या समाधानासाठी वर्षाला दीड-दोन हजारांचा भुर्दंड. हा तोटा लहान आहे. मोठी गोष्ट आपल्या पत्रातल्या ‘65,000 पर्यंत कर्ज मिळते’ या वाक्यात आहे. कंपन्या साधारणपणे पॉलिसी आज परत केली तर जे मिळेल त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज देतात. यावरून आपल्या पॉलिसीची आजची किंमत बहात्तर हजारांच्या आसपास निघते, आणि आपण तीन वर्षांत भरले आहेत 2 लाख 16 हजार. दोन तृतीयांश पैसे कुठे गेले, हे साडूंना विचारण्याऐवजी आपण त्यांच्याकडूनच कर्जाचा सल्ला घेत आहात.

आणखी वाईट हिशेब पुढे आहे. उद्या आपले बरेवाईट झाले तर पत्नीला 12 लाख आणि आजवरचा बोनस मिळून साडेतेरा लाखांच्या आसपास मिळतील. घराचे कर्ज 18 लाख. म्हणजे पहिल्या महिन्याचा किराणा भरण्याआधीच घर साडेचार लाखांनी उणे, आणि मोठ्या मुलाची दहावी तोंडावर. वर्षाला 72,000, म्हणजे सव्वा महिन्याचे उत्पन्न विम्यावर घालणाऱ्या कुटुंबाची ही स्थिती आहे. आपल्याला किमान एक कोटीचा विमा हवा: त्यातून 18 लाख कर्ज फेडायचे, पंधरा लाख शिक्षणाला ठेवायचे, आणि उरलेल्या 67 लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला साडेचार लाखांपेक्षा थोडे जास्त येतील. त्यात शिकवण्यांचे उत्पन्न मिळवून संसार चालेल, चैन होणार नाही. तंबाखूची सवय आणि मोठा आजार नसेल तर बेचाळिसाव्या वर्षी साठ-पासष्टपर्यंतच्या अशा टर्म विम्याचा हप्ता साधारण पंचवीस हजार पडतो, आणि सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही.

टर्म विम्यात पैसे बुडतात हे साडूंचे म्हणणे शब्दशः खरे आहे. माणूस जिवंत राहिला तर हप्ता परत येत नाही. पण यशाची हमी न देणाऱ्या डेटा योजनेवर बारा हजार बुडवायला आपण तयार झाला होतात, तिथे हा आक्षेप आपल्याला सुचला नाही.

आता ते 26 लाख. वीस वर्षांत 14 लाख 40 हजार भरून 26 लाख मिळाले तर परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास पडतो, आणि त्यातला बोनस दरवर्षी जाहीर होतो, आधी लिहून दिलेला नसतो. समजा आपण चौथा हप्ता भरलाच नाही आणि पॉलिसी ‘पेड अप’ करून घेतली: विम्याची रक्कम 20 पैकी 3 हप्त्यांच्या प्रमाणात 1 लाख 80 हजारांवर येईल, जमलेला बोनस धरून मुदतीअखेर सव्वातीन लाखांच्या आसपास हाती पडतील. उरलेली सतरा वर्षे तेच 72,000 पीपीएफमध्ये गेले तर आजच्या 7.1 टक्के दराने 24 लाख होतात. दोन्ही मिळून 27 लाख, म्हणजे साडूंच्या सर्वांत आशावादी आकड्याच्याही पुढे. अर्थात त्यातले 25,000 टर्म विम्याला द्यायचे आहेत, म्हणून पीपीएफला 47,000 उरतील आणि शेवटी एकूण 19 लाखांच्या आसपास हाती येतील. पीपीएफचा दर बदलू शकतो, आणि हा आकडा 26 पेक्षा कमी आहे, हे मी लपवत नाही. हा फरक म्हणजे सतरा वर्षे एक कोटीचा विमा असण्याची किंमत आहे, आणि आज आपल्याकडे तो विमा नाही.

क्रम मात्र चुकवू नये. आधी टर्म विम्याचा अर्ज करावा, वैद्यकीय तपासणी द्यावी, अर्जात सवयी आणि आजार खरेखुरे लिहावेत. नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुनीचा हप्ता थांबवावा. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, त्यामुळे मार्च ओलांडला तरी धावपळ नको. पेड अप करताना तिच्यावर कर्ज मात्र असता कामा नये, कारण व्याज साचून कर्ज पॉलिसीच्या किमतीपुढे गेले की कंपनी अशी पॉलिसी बंद करून टाकते.

पॉलिसीचे कागद, घराचे कागद आणि पासवर्डची एक्सेल फाइल त्याच पिवळ्या डिस्कवर स्कॅन करून ठेवल्याचे आपण ताजा कलमात लिहिले आहे, आणि डिस्कचा पासवर्ड पत्नीला ठाऊक नसल्याचेही. आज रात्री उतरवून घ्यायच्या यादीत हे सर्वांत वर घ्यावे, आणि छापील प्रती पत्नीच्या कपाटात जाव्यात.

साडूंचा प्रश्न उरतो. ते विमा विकतात, तर टर्म विमाही त्यांना विकता येईल. एक कोटीचा टर्म त्यांच्याकडेच मागावा. 72,000 च्या हप्त्यावरच्या कमिशनपुढे 25,000 वरचे कमिशन त्यांना कमी वाटेल, आणि ते पुन्हा एखादी ‘पैसे परत’ मिळणारी योजना पुढे करतील. त्या वेळी माहितीपत्रक घरी घेऊन यावे आणि त्यातला एकच रकाना पाहावा: तीन हप्त्यांनंतर पॉलिसी परत केली तर किती मिळतील.