रीमॅप करायचं नक्की आहे, बजेट २० लाख: व्हर्टस जीटी, वर्ना टर्बो की जुनी ऑक्टाव्हिया आरएस?

भाऊ, तुम्ही दारव्ह्याकडचे, कारंज्याहून समृद्धीला लागता, अन् गाडी घेतली की लगेच रीमॅप (इंजिनच्या संगणकातला सॉफ्टवेअरचा मॅप बदलून ताकद वाढवणं) करणार म्हणता. मग माझं उत्तर असं: २०१७ ची आरएस नीट अवस्थेत मिळाली तर ती घ्या. नाही मिळाली तर व्हर्टस जीटी मॅन्युअल. वर्ना चांगलीच गाडी आहे, पण इंजिनला हात न लावता, रीमॅपशिवाय चालवायची असेल तर.

कागदावर व्हर्टसचं १.५ टीएसआय १५० पीएस (ताकद) आणि २५० एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ) देतं, वर्नाचं १.५ टर्बो १६० पीएस आणि २५३ एनएम. हा दहा पीएसचा फरक मित्रांशी वाद घालण्यापुरता आहे, ड्रायव्हरला तो जाणवत नाही. आरएसचं २.० मात्र २३० पीएस आणि ३५० एनएमचं. तिथं खेळच वेगळा.

पण लोक फक्त इंजिन बघतात. रीमॅपमध्ये आधी वाढतो तो टॉर्क, आणि तो झेलायचा असतो क्लच-गिअरबॉक्सला. व्हर्टसच्या ऑटोमॅटिकमध्ये डीक्यू२०० हा सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. त्याची मर्यादाच २५० एनएम, म्हणजे शोरूममधून निघतानाच गाडी काठावर. ट्यूनर लॅपटॉप लावतो, आकडा ३०० च्या आसपास नेतो, तुम्ही खूश. तीन एचपीच्या केबलवर साडेसातची मोटर चालवण्यातला प्रकार आहे हा: चालते, पाणीही जोरात येतं, आणि एक दिवस जळका वास येतो. चिखलदऱ्याच्या घाटात ट्रकमागे रांगत चढताना ड्राय क्लच आधीच तापलेला असतो, त्यावर हा जादा टॉर्क. म्हणून व्हर्टस घ्यायची तर मॅन्युअल. क्लच घसरायला लागला तर प्लेट बदलता येते, डीएसजीच्या मेकॅट्रॉनिकच्या (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) बिलासारखा घाम फुटत नाही. माझ्याकडे तीच आहे.

आरएसमध्ये डीक्यू२५० येतो: सहा गिअर, क्लच तेलात बुडालेला. रीमॅपचा टॉर्क तो बऱ्यापैकी पचवतो, फक्त त्याचं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदललेलं हवं. टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) आयएस२० नावाचा, आणि पुढे हौस वाढलीच तर गोल्फ आरचा आयएस३८ त्याच जागी बसतो. पण तिथं थांबा. तो खर्च टर्बोवर संपत नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण: मे महिना. टर्बोनं हवा दुप्पट दाबाला नेली की ती तापतेच. १५ अंशांची हवा टर्बोच्या कॉम्प्रेसरमधून साधारण १०५ अंशांची होऊन निघते. ४५ अंशांची आत घेतली तर १४० च्या वर. इंटरकूलर ती थंड करतो, पण ज्या हवेवर तो थंड होणार तीच भट्टीतली. शिवाय १५ अंशांपेक्षा ४५ अंशांची हवा जवळजवळ दहा टक्के विरळ. मग ईसीयू (इंजिनचा संगणक) नॉकच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याच्या, भीतीनं ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि पैसे मोजून घेतलेले ३०-४० पीएस दुपारी दोन वाजता गायब. युरोपातल्या ट्यूनरचे आलेख बघून भुलू नका, ती हवा आपली नाही.

यात व्हर्टसची एक खोड आहे. तिचा इंटरकूलर पाण्यानं थंड होणारा. रोजच्या वापरात झकास, टर्बो लगेच उचलतो. पण सावली नसलेल्या ढाब्यावर गाडी उभी करून निघालं की ते पाणी तापलेलंच असतं. ओबीडी डोंगल लावून मी मोबाइलवर बघतो: समृद्धीच्या रॅम्पवर चढेपर्यंत इनटेकचं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर, मग १०० च्या वेगानं काही वेळ चाललं की हळूहळू उतरतं. तेवढा वेळ पायाला आवर घाला. आरएसचा इंटरकूलर हवेवर चालणारा, रेडिएटरजवळ, पुढे. गाडी पळाली की तो लवकर निवतो. पण जिनिंगच्या हंगामात कापसाच्या गाड्यांमागून फिरलात तर जाळीत रुई आणि धूळ गच्च बसते. दिवाळीनंतर एकदा बंपर खोलून हलक्या पाण्यानं धुवून घ्या. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पत्र्या वाकतात.

पेट्रोल: रीमॅप ९५ ऑक्टेनवर केला की गाडीला कायम तेच लागणार. गावच्या पंपावर ते मिळत नसेल तर ट्यूनरकडून दोन मॅप घ्या, किंवा मॅप जरा मऊच करून मागा. मला तर दुसरंच बरं वाटतं.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. रीमॅपनंतर टॉर्क खालच्या आरपीएमला येतो, त्यामुळे सहाव्या गिअरात १५०० वर पाय दाबून ट्रॅक्टर-ट्रॉलीला ओव्हरटेक करायचा मोह होतो. डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत त्यानं ठिणगीच्या आधीच स्फोट होऊ शकतो आणि पिस्टनचे तुकडेही होऊ शकतात. दोन गिअर खाली घ्या. ऑइल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच घाला.

बीएमडब्ल्यू ३३०आय बद्दलही विचारलंत. २५८ पीएस, ४०० एनएम, झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स. ट्यूनिंगला या सगळ्यांच्या वर. पण टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे. पंक्चर झालं की ८० च्या वेगानं ८० किलोमीटर. रात्री आर्णी रोडवर रोही (नीलगाय) आडवा येऊन रिम खड्ड्यात गेली तर तेही नाही. माझ्या मते गावात ठेवायची ही गाडी नव्हे.

वॉरंटीतली गाडी रीमॅप केली तर फोक्सवॅगन-स्कोडाच्या सिस्टीमला ती कळते आणि टीडी१ चा (इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारण्याची कंपनीची खूण) शिक्का बसतो. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी आड येतो. मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ ही वाचून ठेवा.

जुनी आरएस बघायला जाल तेव्हा विकणारा आधीच गाडी गरम करून ठेवेल. इंजिन गार असताना स्टार्ट करायला लावा आणि चेनचा खडखडाट ऐका. मग रॅम्पवर चढवून खालून बघा. एवढी बसकी गाडी आपल्या रस्त्यांवर फिरूनही खालून कुठंच घासलेली दिसली नाही, तर आधी विचारा की रंग कधी मारला.