तेच जवान, त्याच बंदुका

प्रिय पोरी,

"मावशी, मी इंजिनिअरिंग शिकायला आले. मला अमेरिकेचं सरकार कशाला शिकवतायत?" तुझा हा प्रश्न फोन ठेवल्यावरही माझ्या मनातून गेला नाही. तसं उत्तर साधं आहे. टेक्ससमधल्या सरकारी विद्यापीठात पदवी घ्यायची तर राज्यशास्त्राचे सहा क्रेडिट घ्यावेच लागतात, तिथला कायदाच तसा आहे. विधिमंडळाने ठरवलं, विद्यापीठाने मानलं आणि तू सोमवारी सकाळी आठ वाजता मुकाट्याने वर्गात जाऊन बसलीस. सरांनी पहिल्या तासाला सत्तेची व्याख्या विचारली म्हणालीस ना? ती सत्ता तुझ्या बाकापर्यंत येऊन पोचलेलीच होती.

सरकार, सत्ता आणि लोकशाही, तू लिहिलेल्या तिन्ही व्याख्या मी वाचल्या. चूक काहीच नाही, दहावीच्या नागरिकशास्त्रात पूर्ण गुण पडले असते. पण 'सरकार' लिहिताना तुझ्या डोक्यात आपलं सरकार आहे, आणि पुढचा सगळा घोळ तिथून होतो. आपला हा शब्द फार ऐसपैस आहे. तलाठ्यापासून दिल्लीपर्यंत सगळं त्यात मावतं. सरकारदरबारी खेटे घालायचे, जमीन सरकारजमा व्हायची, अडचण आली की मायबाप सरकारकडे बघायचं. शिवाय आपलं सरकार पडतं. लोकसभेत बहुमत गेलं की पंतप्रधान जातात, हे आपण इतक्या वेळा पाहिलंय की जगात सगळीकडे असंच असणार असं वाटतं.

अमेरिकेत सरकार पडत नाही, बंद पडतं. अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून येतो. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, त्याची एकूण एक विधेयकं फेटाळली तरी तो खुर्चीवरच राहतो. महाभियोगाने काढायचा तर सिनेट या वरिष्ठ सभागृहाची दोन तृतीयांश मतं लागतात, आणि आजवर एकही अध्यक्ष त्या मार्गाने गेलेला नाही. पण खर्चाला मंजुरी देणं काँग्रेसच्या हातात. दोघांचं जमलं नाही तर कुणीच घरी जात नाही, फक्त पैसे थांबतात. २०१८ च्या डिसेंबरात असं झालं तेव्हा ते ३५ दिवस चाललं. विमानतळावर सामान तपासणारी माणसं पगाराशिवाय कामावर येत होती.

हा फरक आपल्याकडे ज्यांनी सर्वांत स्पष्ट मांडला ते याच देशात शिकून गेले होते. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना त्यांनी सांगितलं की लोकशाहीतल्या कार्यकारी मंडळाला दोन गोष्टी हव्यात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. इंग्लंडच्या पद्धतीत उलट, कारण तिथे मंत्र्यांना रोज सभागृहात जाब द्यावा लागतो. मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं. ते भाषण जरूर वाच. तुझ्या सेमिस्टरचा निम्मा अभ्यास त्यात होईल.

आता सत्ता. तू लिहिलंयस, 'दुसऱ्याकडून आपल्या इच्छेप्रमाणे काम करून घेण्याची क्षमता.' ठीक आहे. पण रस्त्यावरचा गुंडही ते करून घेतो. मग गुंडात आणि सरकारात फरक काय? हे मला कुठल्याच व्याख्येने समजलं नाही. समजलं ते आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक गावच्या एका शाळेच्या गोष्टीने.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गोऱ्या आणि काळ्या मुलांना वेगळ्या शाळांत घालणं घटनाबाह्य आहे. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५७ मध्ये, लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळी मुलं दाखल होणार होती. राज्य सरकारचे प्रमुख, गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस, यांनी राज्याच्या नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाचे जवान बोलावले आणि शाळेच्या दारात उभे केले, मुलांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. ४ सप्टेंबरला एलिझाबेथ एकफर्ड ही पंधरा वर्षांची मुलगी एकटीच आली. बाकीच्यांनी एकत्र जायचं ठरवलं होतं, पण तिच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे निरोप पोचला नाही. अंगावर नवा पांढरा झगा, हातात वह्या, मागे शिव्या देणारा जमाव. तिला वाटलं जवान आपल्याला वाट करून देतील. त्यांनी बंदुका आडव्या धरल्या.

फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायाधीशाने आदेश दिल्यावर गव्हर्नरने जवान काढून घेतले, आणि मग शाळा जमावाच्या तावडीत सापडली. २३ तारखेला मुलं बाजूच्या दाराने आत गेली, पण दुपारच्या आत त्यांना बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका हुकुमावर सही केली. सैन्याच्या १०१ व्या एअरबोर्न तुकडीचे सुमारे हजार सैनिक लिटल रॉकला निघाले. त्याच सहीने आर्कान्साचं सगळं नॅशनल गार्ड गव्हर्नरच्या हाताखालून निघून अध्यक्षांच्या हाताखाली आलं. २५ सप्टेंबरला ती नऊ मुलं सैनिकांच्या पहाऱ्यात समोरच्या पायऱ्या चढून आत गेली. पुढे सैन्य मागे गेलं, आणि शाळेचं वर्ष संपेपर्यंत पहारा दिला तो नॅशनल गार्डने.

म्हणजे तेच गार्ड, त्याच बंदुका, तेच गणवेश. महिन्याच्या सुरुवातीला मुलांना अडवायला उभे होते, महिनाअखेर त्याच मुलांना सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांची मनं महिन्याभरात बदलली असतील असं मला वाटत नाही. बदलला तो हुकूम कुणाचा एवढंच. ताकद बंदुकीत असते. पण ती बंदूक कुणाच्या शब्दावर उचलायची, हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं असतं. त्या मान्यतेला आपण अधिकार म्हणतो. तो कुठल्या तरी कागदावर लिहिलेला असतो, आणि त्या कागदाला सही करणाराही बांधलेला असतो. गुंडाकडे हा कागद नसतो.

पण तुला पुढचा भाग सांगितला नाही तर मी तुझी फसवणूक करीन. या गोष्टीत लोकशाही नक्की कुणाच्या बाजूला होती? फॉबस निवडून आलेले होते. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी सह्या करून बजावलं की हा निकाल राज्यांना बंधनकारक आहे, तेव्हा फॉबस यांनी लिटल रॉकची हायस्कूलं बंदच केली. त्यावर गावात मतदान झालं आणि मोठ्या बहुमताने लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. वर्षभर गोऱ्या आणि काळ्या, सगळ्याच मुलांच्या वर्गांना कुलूप. बहुमत म्हणजे लोकशाही अशी तुझी तिसरी व्याख्या आहे ना? तिला एलिझाबेथसमोर उभी करून बघ. एका मुलीचा शाळेत जाण्याचा हक्क मतांनी काढून घेता येत नाही, कितीही मतं पडली तरी. हे लिहिलेलं नसेल तर मतदान होत राहील, पण मी त्याला लोकशाही म्हणणार नाही.

हक्क लिहिलेला होता १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत. तो दारापर्यंत पोचायला ८९ वर्षं लागली.

आणि कधी कधी दारापर्यंत पोचतच नाही. आमच्या ओहायोत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितलं की शाळांचा खर्च घरपट्टीवर इतका सोडणं राज्यघटनेत बसत नाही, कारण श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत राहते आणि गरीब गावातल्या शाळेचं छप्पर गळतं. पुढच्या काही वर्षांत पुन्हा तेच सांगितलं. विधिमंडळाने थोडंफार केलं, मुळाला हात घातला नाही, आणि शेवटी न्यायालयानेच प्रकरण सोडून दिलं. न्यायसंस्थेच्या हाती ना तलवार असते ना थैली, हे अमेरिकेच्या घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनने घटना मंजूर व्हायच्या दिवसांतच लिहून ठेवलं होतं. लिटल रॉकमध्ये निकालामागे अध्यक्षाची सही उभी राहिली, इथे कुणीच उभं राहिलं नाही. आमच्या शाळांसाठी वाढीव घरपट्टी द्यायची का, यावर अजूनही आम्ही मतदान करतो. मी दर वेळी 'हो' म्हणते. माझी मुलं कधीच शाळेतून बाहेर पडली, तरीही.

मतं कशी मोजतात ते तुम्हाला परीक्षेला येईलच, म्हणून थोडक्यात. प्रत्येक राज्याला सिनेटमध्ये दोन जागा. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास होती आणि कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या जवळ, तरी दोघांनाही दोनच. अध्यक्ष निवडताना देशभरातल्या लोकांच्या मतांची बेरीज करत नाहीत, राज्यवार वाटलेल्या ५३८ मतांपैकी २७० लागतात आणि ती राज्याराज्याने मिळतात. त्यामुळे २००० आणि २०१६ साली देशभरात ज्याला जास्त लोकांनी मत दिलं तो उमेदवार हरला. मला हे बरोबर वाटत नाही. पण अध्यक्ष निवडायची पद्धत बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती हवी, आणि ज्यांना फायदा आहे ती राज्यं ती का देतील?

एवढं वाचून तुला वाटेल की हे सगळं वॉशिंग्टनमध्ये घडतं. टीव्हीने आपल्याला तशी सवय लावली आहे. नागरिक झाल्यावर मी आमच्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, मतदान केंद्रावर काम करायला लागले, आणि तिथे मला हा देश कळला. इथे आपल्यासारखा सबंध देशाची निवडणूक घेणारा निवडणूक आयोग नाही. आमच्या ओहायोत निवडणूक घेते ती काउंटी. मंडळावर दोन माणसं एका पक्षाची, दोन दुसऱ्या पक्षाची. केंद्रावरही तसंच, एकाच पक्षाची माणसं निम्म्याहून जास्त चालत नाहीत. पहाटे साडेपाचला आम्ही टेबलं मांडतो, साडेसहाला दार उघडतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंचं आणि माझं अध्यक्षपदाबद्दल एकदाही पटलेलं नाही. पण रात्री आकडे जुळेपर्यंत आम्ही दोघी एकाच कागदावर वाकलेल्या असतो, आणि तिची सही झाल्याशिवाय माझ्या सहीला अर्थ नसतो. नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी मी पाठ केलं होतं की सत्तेच्या शाखा एकमेकींवर नजर ठेवतात. त्याचा अर्थ मला त्या टेबलावर समजला.

आणि मतपत्रिका बघशील तर थक्क होशील. अध्यक्ष सगळ्यांत वर, पण खाली शेरिफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, न्यायाधीश, आणि संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कोरोनर. ओहायोत काउंटीचा इंजिनिअरसुद्धा लोक निवडून देतात. रस्ते आणि पूल त्याच्याकडे असतात. तू सिव्हिल घेतलंयस म्हणून मुद्दाम सांगते.

आता काळजीच्या दोन गोष्टी, या नीट लक्षात ठेव. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जात मतदार नोंदणीचा प्रश्न असतो, तिथे घाईत 'हो' करू नकोस. नागरिक नसताना नोंदणी किंवा मतदान केलं तर परत पाठवण्यापर्यंत वेळ येऊ शकते, आणि 'मला माहीत नव्हतं' ही सबब चालेलच असं नाही. दुसरं, कुठल्याही उमेदवाराला पैसे देऊ नकोस, पाच डॉलरही नाही. तुझ्या व्हिसावर ते बेकायदा आहे.

पण गावच्या सिटी कौन्सिलच्या बैठकीला जाऊन बसायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या महिन्यात एकदा जा. विषयपत्रिका आधी वेबसाइटवर लावलेली असते. एक विषय निवड, गटार असो की बसचा थांबा, आणि बघ की ठरवतंय कोण, त्याला तो अधिकार कुठल्या कागदाने दिलाय, आणि त्याला अडवायचं झालं तर कोण अडवू शकतं. परत आलीस की मला सविस्तर लिही. व्याख्या पुन्हा लिहायची घाई नको, सरांना पुढच्या आठवड्यात दिल्यास तरी चालेल.

आमच्या काउंटीची गेल्या वेळची नमुना मतपत्रिका सोबत ठेवली आहे. काउंटी इंजिनिअरच्या ओळीवर पेन्सिलने खूण केली आहे.

अनेक आशीर्वाद,
तुझी मावशी