काठावरची सीट आणि ग्रुपवर फिरणारे सर्व्हे : जरा सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न असा की मागच्या विधानसभेला तुमच्याकडे हजाराच्या आत निकाल लागला, आता पुन्हा हवा तापायला लागली तर व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंचे सर्व्हे फिरतायत, दोन्हीत आपापला माणूस दहा-पंधरा हजारांनी पुढे, यातला खरा कुठला? आणि एवढं घासून असेल तर प्रचाराने खरंच काही फरक पडतो का? पहिल्याचं उत्तर : दोन्ही बाजूला ठेवा. दुसऱ्याचं : पडतो, पण तुम्हाला रस्त्यावर जो दिसतो त्या प्रचाराने फार कमी.

मी काही वर्षं सर्व्हेसाठी फिल्डवर फिरलोय, नंतर बूथचं काम पण केलंय. कुठल्या पक्षाचं ते सोडा, पद्धत सगळीकडे तीच आहे.

आधी गणित बघू, कारण तिथेच निम्मा प्रश्न सुटतो. विधानसभेची एक सीट म्हणजे साधारण तीन-सव्वातीन लाख मतदार. २०२४ ला राज्यात ६६ टक्के मतदान झालं, म्हणजे धरा दोन लाख मतं पडली. सर्व्हेवाला विचारतो चारशे लोकांना. अगदी नियमाने, चिठ्ठ्या टाकून घरं निवडली तरी चारशेच्या सॅम्पलमध्ये पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, त्यात कुणाची लबाडी नाही, गणितच तसं आहे. दोन लाखाचे पाच टक्के म्हणजे दहा हजार, आणि सरळ लढतीत एकाचे वाढले की दुसऱ्याचे तेवढेच घटतात, म्हणजे लीडमध्ये वीस हजारांचा घोळ. आता २०२४ चे निकाल आठवा. मालेगाव मध्य १६२ मतं, साकोलीत नाना पटोले २०८ ने, बेलापूरला मंदा म्हात्रे ३७७ ने, बुलढाण्यात संजय गायकवाड ८४१ ने, कर्जत-जामखेडला रोहित पवार १,२४३ ने. वीस हजारांचा घोळ असलेल्या फूटपट्टीने २०८ मतं कशी मोजणार? हजार लोकांचा सर्व्हे केला तरी पाचाचे तीन टक्के होतात, बस. त्यामुळे काठावरच्या सीटवर "आमचा माणूस २.३ टक्क्यांनी पुढे" असं कुणी दशांश चिन्हासकट सांगायला लागला की समजायचं, गडी पीडीएफ विकतोय.

आणि हे सगळं काम नियमाने झालं तर. प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो. कॉलेजची पोरं रोजावर घेतात, हातात टॅब, दिवसाला अमुक फॉर्म भरायचे. नियम असा की गावात शिरल्यावर ठराविक घरं सोडून पुढचं घर घ्यायचं. पण उन्हातान्हात कुणाला पडलंय, पोरं फाट्यावरच्या टपरीवर बसतात, तिथे आठ-दहा जण आयतेच मिळतात, चहा होतो आणि फॉर्म पण होतात. आता टपरीवर भर दुपारी कोण बसलेलं असतं? पुरुष, त्यातही राजकारणात रस असलेले, त्यातही बोलके. बायका नाहीत, मजूर नाहीत, मळ्यातल्या वस्तीवरचे नाहीत. शिवाय एकाने मोठ्याने नाव घेतलं की शेजारचे सहा जण मान डोलावतात, आणि सहाही फॉर्म तसेच भरले जातात. राज्यात बायकांचं मतदान २०१९ ला ५९ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२४ ला ६५ च्या पुढे गेलं. लाडकी बहीणचे दीड हजार नुकतेच खात्यात यायला लागलेले. टपरीवर भरलेल्या फॉर्मात हे कुठून दिसणार?

दुसरी भानगड पॉकेटची, म्हणजे एकगठ्ठा मतं पडणाऱ्या भागाची. २०२४ च्या लोकसभेला धुळ्याचं बघा. सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांत भाजपचे सुभाष भामरे पुढे, आणि एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना जवळपास १ लाख ९४ हजारांचं लीड दिलं, शेवटी त्या ३,८३१ ने आल्या. आता सर्व्हेवाल्याने मालेगाव मध्यची घरं थोडी कमी घेतली किंवा तिथे मतदान किती होणार याचा अंदाज पाच टक्के चुकला की अख्खा निकाल उलटा. तुमच्याही मतदारसंघात असं एखादं पॉकेट असणारच, एखादी मोठी बाजारपेठ, एखादा समाज, एखाद्या कारखान्याचा पट्टा. सर्व्हे दाखवणाऱ्याला एवढंच विचारा की त्या भागातले किती घेतले. बहुतेक वेळा उत्तर येणार नाही.

मग पक्ष सर्व्हे करतात कशाला, पैसे काय वर आलेत? करतात, कारण ते तिकिटासाठी लागतात. काठावरच्या सीटवर इच्छुक चार, युतीत वाटेकरी तीन, मग कुणाला नाही म्हणायचं तर कारण हवं, ते कारण म्हणजे सर्व्हे. "वरून सर्व्हे निगेटिव्ह आलाय" हे वाक्य ऐकलं की आमदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. २०२४ ला हिंगोली लोकसभेला शिंदे गटाने हेमंत पाटलांची उमेदवारी जाहीर करून परत बदलली, तेव्हा बातम्यांत सर्व्हेचंच कारण फिरत होतं. बदललेला उमेदवार पण पडला, ही गोष्ट वेगळी. खरा सर्व्हे असा बंद खोलीत वापरला जातो, तो तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येत नाही. ग्रुपवर येतो तो प्रचाराचा कागद, कार्यकर्त्याचा दम टिकवायला आणि कुंपणावरच्यांना "हाच येतोय" असं वाटायला लावायला. मतदानाच्या दिवशी चार वाजता एक्झिट पोल म्हणून जे फिरतं ते तर सरळ बेकायदा आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ प्रमाणे शेवटचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदी आहे.

आता प्रचार. रॅली, डीजे, ड्रोनचे व्हिडिओ, हे सगळं आपल्याच लोकांसाठी असतं, त्याने समोरचा माणूस फुटत नाही. काठावरच्या सीटवर निकाल ठरतो यादीवर. एका विधानसभेला साधारण साडेतीनशे बूथ. २०८ ला साडेतीनशेने भागा, बूथमागे एक मत पण येत नाही. १,२४३ ला भागलं तर साडेतीन. म्हणजे प्रत्येक बूथवर एका घरातली चार माणसं जागची हलली असती किंवा हलली नसती, एवढाच खेळ.

त्यामुळे जाणता उमेदवार सहा महिने आधी यादी घेऊन बसतो. प्रत्येक बूथची प्रिंट, तिच्यावर तीन रंगांच्या पेनने खुणा : आपला, त्यांचा, कुंपणावरचा. सोबत शेरे, हा पुण्याला असतो, ही लग्न होऊन गेली, हे वारले, हा भावकीच्या वादामुळे यंदा तिकडे. हे शेरे गावातलाच माणूस लिहू शकतो, कुठल्याही ॲपमध्ये ते मिळत नाहीत, ॲप विकणारे काहीही म्हणोत. बाहेरगावच्यांची वेगळी यादी, फोन नंबरसकट. कोकणात चाकरमान्यांच्या गाड्या, मराठवाड्यात ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, पश्चिम महाराष्ट्रात पुण्या-पिंपरीतली पोरं, यांना आणण्याचा खर्च आणि खटाटोप हा काठावरच्या सीटचा सगळ्यात महागडा भाग. अर्थात मतदारांना फुकट गाड्या पुरवणं कायद्याने गुन्हा आहे आणि विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, ते हिशोब कसे बसवतात हे मला विचारू नका. कत्तलच्या रात्रीबद्दल, म्हणजे मतदानाच्या आदल्या रात्रीच्या पैसेवाटपाबद्दल पण नको, तुम्हाला माहीतच आहे. एवढंच सांगतो की लक्ष्मीदर्शन दोन्हीकडून झालं की लोक दोन्हीकडचं घेतात आणि मनात असेल तेच बटण दाबतात, त्यामुळे त्याच्या जोरावर सीट आली म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

मतदानाच्या दिवशी दुपारी दोनला केंद्रापासून दोनशे मीटर लांब लावलेल्या पक्षाच्या टेबलावर कधी जाऊन बसा. आतला पोलिंग एजंट कोण येऊन गेलं त्याच्यावर काट मारत असतो, बाहेरच्या यादीवर तशाच काटा चढत जातात, आणि दोन वाजता टेबलावरचा म्हातारा कार्यकर्ता चष्मा कपाळावर चढवून नुसत्या न काटलेल्या नावांवरून बोट फिरवतो. "हे पाटलाचं घर अजून निघालं नाही, सात मतं आहेत, जा रे कुणीतरी. ही म्हातारी चालत येणार नाही, तिच्या नातवाला फोन लाव." चार ते सहा या दोन तासांत जे बूथवर येतं, ते या माणसाच्या बोटाने येतं. ज्या बूथवर असा म्हातारा आहे आणि समोरच्याकडे नाही, तिथे दहा-पंधरा मतांचं अंतर सहज पडतं. साडेतीनशेपैकी शंभर बूथवर जरी असं झालं तरी हजार मतं झाली, तुमच्याकडचा मागचा निकाल तेवढाच होता.

याच्या जोडीला वजाबाकी. बंडखोर, डमी, नामसाधर्म्य. २०१४ ला रायगड लोकसभेला अनंत गीते यांनी सुनील तटकरेंना २,११० ने हरवलं, आणि दुसऱ्याच एका अपक्ष सुनील तटकरेंना मतं पडली ९,८४९. २०२४ ला आंबेगावात दिलीप वळसे पाटील १,५२३ ने आले, समोर देवदत्त निकम, आणि त्याच नावाचा अपक्ष तीन हजारांच्या जवळ घेऊन गेला. साताऱ्याला लोकसभेत उदयनराजे ३२,७७१ ने आले आणि ज्याला लोक पिपाणी म्हणायला लागले त्या चिन्हाने ३७,०६२ मतं खाल्ली, सगळी नाही तरी बरीचशी शरद पवार गटाच्या तुतारीवाल्या माणसाच्या चिन्हाची असणार. त्यामुळे काठावरच्या सीटवर मी सगळ्यात बारीक लक्ष ठेवतो ते अर्ज माघारीच्या दिवशी. कोण तीनच्या ठोक्याला आला, कुणाचा फोन सकाळपासून बंद, कुणी माघार घेतली आणि संध्याकाळी कुणाच्या व्यासपीठावर दिसला. त्या एका दुपारी जेवढं कळतं तेवढं महिनाभराच्या सर्व्हेत कळत नाही.

आणि एक. मागच्या वेळी काठावर होती म्हणून यंदा पण असेलच असं धरून चालू नका. कोपरगावला २०१९ मध्ये आशुतोष काळे ८२२ मतांनी आले होते, २०२४ ला तेच काळे एक लाख चोवीस हजारांवर लीडने आले! काळेंची लोकप्रियता दीडशे पट वाढली असं काही नाही, २०१९ ला समोर असलेल्या स्नेहलता कोल्हे भाजपच्या, आणि मधल्या काळात राष्ट्रवादी फुटून काळे अजितदादांबरोबर महायुतीत आले, मग कोल्हेंना उभंच राहता आलं नाही. चांदिवली ४०९ वरून वीस हजारांवर गेली. सांगोल्यात शहाजीबापू ७६८ ने आले होते, पुढच्या वेळी पंचवीस हजारांनी पडले. आघाडी-युतीचं गणित बदललं की जुना आकडा रद्दी.

मग काय बघायचं? पक्ष काय बोलतात ते सोडा, पक्षाची माणसं कुठे पळतायत ते बघा. उमेदवार शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या बालेकिल्ल्यात फिरत असेल तर घरात आग लागलीय. समोरच्याच्या गावात चहा पीत फिरत असेल तर घरचं बरं चाललंय. मोठ्या नेत्याची सभा कुठल्या भागात लावली, नाराज सरपंचाच्या घरी रात्री कुणाच्या गाड्या थांबल्या, मतदार यादीवर हरकती कुठल्या बूथवर पडतायत. हे पण पक्कं नसतं, पण दशांश चिन्हवाल्या पीडीएफपेक्षा बरं.

तुम्ही शेवटी विचारलंय की सोसायटीतले काही जण नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’चं बटण, दाबायचं म्हणतायत, तर त्याने काही होतं का. निकालात काही होत नाही, विधानसभेला नोटा पहिली आली तरी तिच्या खालचा उमेदवार निवडून येतो. बाकी त्यांची मर्जी. फक्त २०२४ च्या लोकसभेचा मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल त्यांना दाखवा. रवींद्र वायकर ४८ मतांनी आले. ईव्हीएमच्या मोजणीत समोरचे अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते, पोस्टल मतांनी फिरलं, कोर्टकचेरी झाली, आणि त्याच मतदारसंघात नोटाला पंधरा हजारांच्या वर मतं होती. महापालिकेचं तर विचारूच नका, २०१७ ला मुंबईच्या २२० नंबर वॉर्डात सेना आणि भाजप दोघांना ५,९४६-५,९४६ पडली आणि शेवटी चिठ्ठी काढून नगरसेवक ठरवला.

आणि सर्व्हे वाचण्यात जेवढा वेळ घालवताय त्यातली दहा मिनिटं काढून घरातल्या सगळ्यांची नावं यादीत तपासून घ्या, विशेषतः ज्यांनी मधे पत्ता बदललाय त्यांची. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदल-दुरुस्तीला फॉर्म ८, आणि उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख असते तिच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंतच हे अर्ज त्या निवडणुकीसाठी धरतात. मतदानाच्या दिवशी सकाळी यादीत नाव नाही म्हणून टेबलावर येऊन भांडणारे दर वेळी भेटतात, त्यांना तेव्हा कुणीच काही करू शकत नाही.