कोर्स सुरू की बंद? सभासदांना वेळेत कळवायचे कसे

प्रश्न : आमचा नऊ होलचा छोटा गोल्फ क्लब आहे. पावसाळ्यात कोर्स सुरू की बंद, हे सेक्रेटरी स्वतःच्या मोबाइलवरून व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टने कळवतात. तरी रविवारी काही जण येऊन परत जातात आणि ‘मेसेज आलाच नाही’ म्हणतात. इचलकरंजी, जयसिंगपूरहून येणाऱ्यांचा फारच खोळंबा होतो. काय चुकते आहे?
— एक सभासद, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : त्यांना मेसेज खरोखरच आला नसणार. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोहोचतो, ज्यांच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह असतो. सेक्रेटरी बदलले की नंबर बदलतो, आणि नवा नंबर सगळेच सेव्ह करत नाहीत. शिवाय एका यादीत २५६ पेक्षा जास्त नावे बसत नाहीत.

क्लबच्या नावाने वेगळे सिम घ्या. त्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा आणि तो ऑफिसातही नोंदवून ठेवा, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी खाते अडकणार नाही. त्या नंबरवरून एक ग्रुप काढा आणि सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याची मुभा फक्त ॲडमिनना ठेवा. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फोटो यांच्यासाठी दुसरा ग्रुप असू द्या. ‘गुड मॉर्निंग’च्या ढिगात कोर्सची सूचना गडप होते, हे बहुतेक क्लबांचे दुखणे आहे.

आता मेसेजमध्ये काय असावे? ‘आज कोर्स अंशतः सुरू’ एवढ्यावर कोणाचेच भागत नाही. ग्रीनकीपरने, म्हणजे मैदान राखणाऱ्याने, उजाडताच सगळ्यात सखल ग्रीन (होलभोवतीचे बारीक कापलेले गवत) आणि फेअरवेचे (ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवती पट्ट्याचे) खोलगट भाग चालून पाहावेत. बुटाभोवती पाणी वर येत असेल तर तो होल बंद. मग ऑफिसातून एकाच माणसाने असा मेसेज टाकावा :

‘रविवार, सकाळी ५.५०. होल १ ते ६ सुरू. ७, ८, ९ बंद. बगी गाड्या बंद. फेअरवेवर प्रिफर्ड लाय, एक स्कोअरकार्डच्या लांबीइतके. पुढची माहिती ९ वाजता.’

यातला एकही तुकडा गाळू नका. प्रिफर्ड लाय म्हणजे चेंडू उचलून जवळच चांगल्या जागी ठेवण्याची मुभा. तिचे अंतर कमिटीने ठरवायचे असते : सहा इंच, एक स्कोअरकार्ड किंवा एक क्लब-लांबी (इथे क्लब म्हणजे खेळायची काठी). ते न सांगता नुसते ‘प्रिफर्ड लाय चालू’ लिहिले, तर एक जण सहा इंच धरतो आणि दुसरा क्लब-लांबी. मग स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) चुकीच्या जागेवरून खेळल्याच्या दोन स्ट्रोकच्या दंडावरून वाद पेटतो. ‘पुढची माहिती ९ वाजता’ लिहिले असेल, तर काहीच बदलले नसले तरी ९ वाजता तसे कळवा. एकदा वेळ चुकली की लोक पुन्हा फोन करू लागतात.

मेसेज २४ तासांसाठी पिन करा. सात दिवसांचा पर्याय निवडला, तर कालची स्थिती आजही वर दिसत राहते. निर्णय बदलला तर जुना मेसेज एडिट करू नका, कारण एडिट केल्याची नोटिफिकेशन येत नाही. नव्या वेळेसह नवा मेसेज टाका.

कोर्स बंद ठेवण्याचे कारणही एका ओळीत द्यावे. ओल्या काळ्या मातीवर बगी गाडीचे चाक फिरले की माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही आणि पाऊस सरल्यावरही तो पट्टा पिवळा राहतो. हे कळले की सभासद कुरकुरत नाहीत.

पंचगंगेला पाणी चढू लागले की सकाळची वाट पाहू नका. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. बाहेरगावच्या सभासदांसाठी आदल्या संध्याकाळीच रस्त्यांची स्थिती कळवा. आणि कॅडींनाही, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांनाही, तोच मेसेज जाऊ द्या. सभासदाची फक्त सकाळ वाया जाते, त्यांचा दिवसाचा रोज बुडतो.

प्रश्न : वळिवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या, की खेळणाऱ्यांना मेसेज टाकला तर चालेल का?

उत्तर : नाही. खेळताना फोन बहुधा सायलेंटवर बॅगेत असतो. तिथे भोंगाच हवा : एक लांब भोंगा म्हणजे खेळ लगेच थांबवा, तीन लागोपाठ म्हणजे साधी स्थगिती, दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरू. लांब भोंग्यानंतर एकही फटका मारायचा नसतो. मारल्यास स्पर्धेतून बाद, असे गोल्फचा नियम ५.७ सांगतो. ऑनलाइन करायचे काम आधीचे : एप्रिलच्या सुरुवातीला आणि प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या दिवशी या खुणा ग्रुपवर टाका.

प्रश्न : काही भगिनी सभासदांना आपला नंबर ग्रुपमध्ये सर्वांना दिसणे नको आहे. मार्ग काय?

उत्तर : त्यांचे म्हणणे रास्त आहे. व्हॉट्सॲपची कम्युनिटी (अनेक ग्रुपांची एकत्र मोट) काढा आणि सूचना तिच्या अनाउन्समेंट ग्रुपवर द्या. तिथे सभासदाचा नंबर ॲडमिनना दिसतो, इतर सर्वांना नाही. पण गप्पांच्या उपग्रुपमध्ये गेले की तिथल्यांना तो दिसतो, हे त्यांना आधी सांगा. आणि नावे-नंबरांची एक्सेल शीट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. वार्षिक सभेची नोटीस मात्र क्लबच्या घटनेत लिहिलेल्या पद्धतीनेच पाठवा, व्हॉट्सॲपवर फक्त आठवण द्या.