एम्परर विंचू पाळला आहे, आता वाळवंटी विंचू आणून संग्रह वाढवायचा आहे. कोणत्या जाती घ्याव्यात, सगळे एकाच टाकीत चालतील का आणि वाळू किती लागेल?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्याखाली तुम्ही जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही: "वाळवंटातला विंचू आहे, म्हणजे पाण्याची कटकट नाही, कोरडी वाळू ओतली की झालं." हे तुम्ही कुणाकडून तरी ऐकलेलं असणार. विंचू पाळणाऱ्यांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते म्हणणारा हमखास पुरावाही देतो, की माझी हॅड्रुरस (वाळवंटी विंचवाची एक जात) कित्येक वर्षं कोरड्या वाळूवर ठणठणीत आहे. असेल. आणली तेव्हा ती केवढी होती, एवढंच त्याला विचारा.

विंचू प्रौढ झाला की त्याचं कात टाकणं थांबतं. हॅड्रुरस ॲरिझोनेन्सिस, म्हणजे सोनोरन वाळवंटातला तो मोठा केसाळ विंचू, विकायला येतो तो बहुतेक वेळा रानातून पकडलेला प्रौढ. शेवटची कात त्याने आपल्या बिळात, आपल्या हिशेबाने टाकलेली असते. त्यानंतर त्याला कोरड्या वाळूवर ठेवलं तरी तो वर्षानुवर्षं तग धरतो, कारण त्याची पाण्याची गरज बरीचशी भक्ष्यातूनच भागते. मालकाला वाटतं आपल्याला जमलं. जमलंय ते विंचवाला. कोरड्या वाळूचा दावा खरा करायचा असेल तर पिल्लू घ्या आणि त्याच वाळूवर प्रौढ करून दाखवा. हे म्हटलं की समोरचा विषय बदलतो, असा माझा अनुभव आहे.

कात अडकते म्हणजे काय होतं ते नीट समजून घ्या. पुढची सगळी मांडणी त्यावरच ठरते.

कात जवळ आली की विंचू खाणं सोडतो, बिळाच्या तळाशी जाऊन बसतो, पोट फुगतं आणि पाठीच्या पट्ट्यांमधली पातळ त्वचा ताणलेली दिसते. रंग मळकट होतो. जुन्या कवचाखाली नवं कवच तयार होतं आणि दोघांच्या मध्ये पातळ द्रव सुटतो. मग डोक्याकडच्या ढालीची पुढची कड उकलते आणि विंचू तिथून पुढे सरकत बाहेर येतो. जबड्याचे छोटे चिमटे, मोठे चिमटे, आठ पाय आणि शेवटी शेपूट, सगळं जुन्या कवचातून ओढून काढावं लागतं, आणि यात तासन्‌तास जातात. तेवढा वेळ तो द्रव ओला राहायला हवा. आजूबाजूची हवा कोरडी असली की तो सुकतो आणि जुनं कवच नव्याला चिकटतं. अडकतात ते प्रामुख्याने मोठे चिमटे आणि पाय, कारण त्यांचा फुगीर भाग अरुंद सांध्यातून बाहेर यायचा असतो. बाहेर आलेलं अंग तोवर कडक व्हायला लागतं आणि मग पुढेही नाही, मागेही नाही.

अशा वेळी ओढायचं नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ ब्रशने अडकलेला सांधा ओला ठेवता येतो, डब्यात ओला टिश्यू ठेवून झाकण लावता येतं, बस्स. एखादा पाय अडकला तर तो गमावूनही पिल्लू जगू शकतं. दोन्ही मोठे चिमटे अडकले तर बहुतेक वेळा वाचत नाही. म्हणून इलाज आधीच करायचा असतो, आणि तो म्हणजे बिळाचा तळ.

वाळवंट वरून कोरडं असतं. हॅड्रुरस वरच्या थरात राहत नाही. ती खोल बीळ खणते आणि खाली माती दमट असते. आपल्याला टाकीत तोच उतार बनवायचा आहे: वर खडखडीत, खाली ओलसर. कुठे बसायचं ते विंचू ठरवेल. हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, वाळूच्या वर टांगून "बघा, ३० टक्के, अगदी वाळवंटासारखं" म्हणणाऱ्यांनी तो बिळाच्या तळाशी नेऊन एकदा वाचावा.

मांडणी अशी. तळ किमान ३० बाय २० सेंटिमीटर आणि उंची ३० सेंटिमीटर असलेली काचेची टाकी. तळाला ३ ते ४ सेंटिमीटर बारीक खडी, स्वच्छ धुतलेली. एका कोपऱ्यात खडीपर्यंत पोचणारी, बोटाएवढ्या जाडीची प्लास्टिकची नळी उभी करा. पाणी फक्त हिच्यातून जाणार. नळीचं वरचं तोंड जाळीने बंद ठेवा, नाहीतर रातकिडे त्यात पडून सडतात. खडीवर फायबरग्लासची मच्छरजाळी, म्हणजे वरची माती खाली झिरपून खडी बुजत नाही.

त्यावर निव्वळ वाळू टाकू नका. तुमच्या "किती" या प्रश्नापेक्षा "कसली" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सुटी वाळू बीळ धरत नाही. विंचू खणतो, ते कोसळतं, तो पुन्हा खणतो आणि शेवटी लाकडाच्या तुकड्याखाली उघड्यावर बसतो. चार भाग बारीक धुतलेली वाळू आणि एक भाग चिकणमातीची पूड कोरडीच मिसळा आणि मग पाणी घाला. मूठ आवळली की गोळा राहावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. हे मिश्रण ३-३ सेंटिमीटरच्या थरांत ठोकून भरा, एकूण १५ ते २० सेंटिमीटर. भरताना ३ ते ४ सेंटिमीटर व्यासाचा पाइप काचेला टेकवून तिरका ठेवा, खालचं टोक जाळीच्या जेमतेम वर. माती थोडी आवळली की पाइप फिरवत फिरवत काढा. तयार बीळ मिळतं आणि काचेतून तळही दिसतो. पिल्लासाठी पाइप बारीक घ्या. बीळ अंगालगत असलं तरच विंचू त्याला आपलं मानतो. समुद्राची वाळू मिठामुळे नको आणि सरड्यांसाठी विकतात ती कॅल्शियम वाळू ओली झाली की तिचे गोळे होतात म्हणून तीही नको.

सगळं एक-दोन आठवडे उघडं ठेवून सुकू द्या. वरचा भाग ठोकल्यावर विटेसारखा वाजायला लागला की नळीतून खडी अर्धी बुडेल इतकंच पाणी सोडा. पुढे खडी कोरडी दिसली की पुन्हा. माती खालून पाणी ओढते आणि काचेतून ओलाव्याची रेघ दिसते. ती खालच्या तिसऱ्या हिश्शात राहिली पाहिजे. वर चढत गेली तर पाणी जास्त झालं किंवा हवा कमी पडते आहे. हवेसाठी समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं हवीत. एकट्या झाकणाला भोकं पाडून आतली हवा हलत नाही, आणि साचलेल्या दमट हवेत बुरशी आणि माइट्स (बारीक परजीवी किडे) येतात. वरून फवारा मारणं हा सगळ्यात निरुपयोगी उपाय: वरचा थर दिवसभर ओला, त्यात उरलेलं खाणं कुजतं, आणि बिळाचा तळ तितकाच कोरडा.

हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, टाकीखाली लावायची नाही. गरम झालं की विंचू खाली जातो. तिथेच मॅट असली तर तो उष्णतेकडेच जात राहतो आणि आपण जपलेला ओलावाही उडतो. मॅट बाजूच्या काचेवर, मातीच्या पातळीच्या वर, आणि थर्मोस्टॅटशिवाय नाहीच. गरम बाजू ३० ते ३२ अंश, दुसरी २५ च्या आसपास, रात्री आणखी उतरलं तरी चालतं.

खाणं: भक्ष्य विंचवाच्या पोटाच्या लांबीपेक्षा मोठं नको. प्रौढाला ७ ते १० दिवसांनी एक रातकिडा किंवा डुबिया झुरळ पुरतं, पिल्लाला आठवड्यातून दोनदा. उरलेलं २४ तासांत बाहेर काढा. कात टाकणाऱ्या मऊ विंचवाला रातकिडा कुरतडून मारतो, आणि विंचू मेलेला सापडल्यावर दोष कातीवर जातो. अतिनील टॉर्च (३६५ ते ३९५ नॅनोमीटर) इथे खरी कामाची आहे. विंचू तिच्यात हिरवा-निळा चमकतो, पण नुकतीच कात टाकलेला चमकत नाही, कवच कडक होत जाईल तशी चमक येते. फिक्का दिसला तर खाणं आत टाकू नका आणि जबड्याची टोकं काळपट होईपर्यंत थांबा. टॉर्च बघण्यापुरती, रात्रभर लावून ठेवायची शोभा नव्हे.

आता तुमचे बाकीचे दोन प्रश्न. एकाच टाकीत? नाही. दमट जंगलातला (तुमचा एम्परर) आणि वाळवंटी विंचू एकत्र म्हणजे दोघांपैकी एकाची गैरसोय ठरलेली, आणि वेगवेगळ्या जातींत मोठा लहानाला खातो, तेही नेमका कात टाकताना. एम्पररचा गट एकत्र राहू शकतो, पण मोठी जागा आणि माणशी एकापेक्षा जास्त लपायच्या जागा असतील तरच, आणि तरीही एखादा कमी झाला तर नवल मानू नका. वाळवंटी जाती सरळ एकेकट्या ठेवा.

जाती कोणत्या? एम्पररनंतर आशियाई जंगली विंचू, म्हणजे हेटेरोमेट्रस गट. तीच मांडणी, तोच ओलावा, स्वभाव जरा तापट. मग हॅडोजेनेस, आफ्रिकेतला चपटा खडकविंचू. लांबीला प्रचंड, विष सौम्य, वाढ अतिशय संथ. त्याला बीळ नको, फटी हव्यात: पाटीचे दगड एकावर एक रचून सिलिकॉनने चिकटवा. सुटे ठेवलेत तर एक दिवस दगड सरकून विंचू चिरडेल. हॅड्रुरस तिसरी किंवा चौथी, आणि घ्यायचीच तर दोन घ्या, एक प्रौढ आणि एक पिल्लू. एकाच वेळी दोघांना पाळलंत की कोरड्या वाळूबद्दल कुणाशी वाद घालायची गरज उरणार नाही.

रानातून पकडलेली मादी घेतलीत तर ती गाभण असू शकते. विंचवीण अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते आणि ती तिच्या पाठीवर चढून बसतात. पहिली कात टाकून ती खाली उतरेपर्यंत टाकी हलवू नका, साफ करू नका, नाहीतर आई पिल्लांना खाते. उतरल्यावर प्रत्येक पिल्लू वेगळ्या छोट्या डब्यात. म्हणजे रिकामे डबे आधीच घरात हवेत.

एक राहिलं, खरं तर वरच लिहायला हवं होतं. "संग्रह" म्हटला की लोक ॲन्ड्रोक्टोनस, लेयुरस, पॅराब्युथस यांच्याकडे वळतात, कारण ते दिसायला देखणे. हे तिन्ही ब्युथिडी कुळातले आणि माणूस मारू शकणारे. पॅराब्युथस ट्रान्सव्हालिकस तर विष उडवतो, डोळ्यांत गेलं तर भोगा. जाड शेपूट आणि बारीक चिमटे म्हणजे जहाल विष, हा ठोकताळा बऱ्यापैकी चालतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका. हेमिस्कॉर्पियस लेप्ट्युरस ब्युथिडीतला नाही, शेपूटही बारीक, तरी जीवघेणा आहे. आपल्याकडचा लाल विंचू, होटेन्टोटा टॅम्युलस, छंदासाठी अजिबात नको. त्याच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनचा पूर येतो, हातपाय गार पडतात, दरदरून घाम सुटतो आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे त्यावर प्राझोसिन हे औषध वापरलं जातं, पण ते वेळेत मिळावं लागतं. एम्परर सौम्य असला तरी विषाची ॲलर्जी कुणालाही असू शकते. हातावर घेऊन फोटो काढायची हौस असेल तर हा छंद सोडा. हलवायचं तर २५-३० सेंटिमीटरचा चिमटा, टोकांना स्पंज, किंवा वरून डबा आणि खालून पुठ्ठा. काचेवर विंचू चढत नाही, पण कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या रेघेवरून चढतो, तेव्हा झाकणाला कुलूप हवं.

डंख झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. धुवा, थंड फडकं ठेवा, आणि दुखण्यापलीकडे काहीही जाणवलं तर दवाखाना. डॉक्टर पहिलं विचारतील, कोणता विंचू. म्हणून प्रत्येक टाकीवर शास्त्रीय नाव, कुठून आला, शेवटची कात कधी, हे लिहिलेलं असू द्या, आणि घरातल्या इतरांना ते वाचता यावं. एम्परर साइट्स (CITES), म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, तेव्हा त्याची कागदपत्रंही त्याच फाइलमध्ये ठेवा. स्थानिक वन्यजीव कायदा काय म्हणतो ते पैसे देण्याआधी विचारा. आणि त्या खोलीत कीटकनाशक, डासांची कॉइल, कुत्र्या-मांजराच्या गोचिडांचा स्प्रे, काहीही वापरायचं नाही. ते विंचवालाही मारतं.