48 हजारांची डिजिटल केबल घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सीडी प्लेयर आणि डॅक (डिजिटल आकड्यांचं अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारं उपकरण) यांना जोडणारी 700 रुपयांची कोअ‍ॅक्शियल केबल काढून 48,000 रुपयांची चांदीची केबल लावायची आहे. 5,000 रुपये आगाऊ दिले आहेत, उरलेले 43,000 क्रेडिट कार्डावर 12 हप्त्यांत फेडणार. दुकानात ऐकताना तंबोरा जास्त भरून आल्यासारखा वाटला, असं तुम्ही लिहिता.

माझं मत: घेऊ नका. गाण्यावर पैसे खर्च करायला माझी अजिबात हरकत नाही. हरकत एवढीच, की या पैशातून गाणं तुमच्यापर्यंत जास्त पोचणार नाही.

त्या केबलमधून तंबोऱ्याचा सूर जातच नाही, आकडे जातात. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक चॅनेलचे 44,100 नमुने असतात, प्रत्येक नमुना 16 बिटांचा. म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून सेकंदाला सुमारे 14 लाख बिट. दीड मीटरच्या साध्या 75 ओहमच्या केबलला हे काम जड नाही. केबल खराब असेल तर आवाज तुटतो, टकटक येते, मध्येच बंद पडतो. पण बिट बरोबर पोचले आणि तरी षड्ज थोडा फिका लागला, असं होत नाही. दुकानदार ‘जिटर’बद्दल बोलला असेल. बिट पोचण्याच्या वेळेत सूक्ष्म चढउतार होतात हे खरं आहे, पण ते सावरणं डॅकचं काम असतं आणि आजचे चांगले डॅक ते नीट करतात. स्पीकरच्या तारेची गोष्ट वेगळी, तिच्यातून अ‍ॅनालॉग सिग्नल जातो. तिथे लांब आणि फार बारीक तार खरंच फरक पाडते, पण पुरेशी जाड तांब्याची तार काही हजारांची नसते.

मग दुकानात फरक का वाटला? तुमचे कान खोटे नाहीत. पण कोणती केबल चालू आहे हे तुम्हाला माहीत होतं, आणि आवाज किंचित मोठा असला तरी तो आपल्याला ‘चांगला’ वाटतो. केबल एक-दोन दिवस घरी मागा. व्हॉल्यूमला हात न लावता, तुम्हाला दिसणार नाही अशा रीतीने घरच्या कुणाला तरी नाणं उडवून केबल निवडायला सांगा. असं दहा वेळा करा आणि दर वेळी अंदाज लिहून ठेवा. नुसत्या नशिबाने नऊ किंवा जास्त बरोबर येणं शंभरात एखाद्या वेळी घडतं. तसे आले तर मला जरूर कळवा, मी मत बदलेन.

आता हप्त्यांचं. 15 टक्के दर धरला तर वर्षाचं व्याज साधारण 3,600 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. एखादा हप्ता चुकला की कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी चढतं. तुमच्याकडे अडीअडचणीसाठी जेमतेम एका महिन्याचा घरखर्च शिल्लक आहे, मुलीची फी जूनमध्ये भरायची आहे. मला खरी काळजी याची वाटते. हप्त्यात जाणाऱ्या पैशांतले साडेतीन हजार दरमहा रिकरिंगमध्ये टाकलेत तर वर्षभरात 42,000 आणि वर व्याज, तेही तुमचंच.

त्यातले दहा-बारा हजार गाण्यासाठी बाजूला ठेवा, मनात अपराधी वाटू न देता. तुमची खोली फरशीची, भिंती उघड्या. जाड सतरंजी, जड पडदे, स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे: एवढ्यानेच तंबोरा सुटा ऐकू येईल. गुणगुण येत असेल आणि ती दोन उपकरणांच्या अर्थिंगमुळे असेल, तर काहीशे रुपयांची ऑप्टिकल केबल ती घालवते. आणि डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जाऊन या. समोर बसून ऐकलेला तंबोरा लक्षात असला, की घरी स्पीकर कुठे ठेवायचे हे कानच सांगतात.

राहिले आगाऊचे 5,000. ते आजच परत मागा. दुकानदार नाही म्हणाला तर तेवढ्याच रकमेचे स्पीकर स्टँड घ्या, पण 5,000 वाचवायला 43,000 भरू नका.